चार नंबरच्या खोलीचं वातावरण

४ ऑक्टोबर

मीटरच्या वहीला सात रकाने आहेत. तारीख, वेळ, खोली, तापमान, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि सही. शेऱ्याला जागा नाही. ज्या माणसाने एकोणतीस वर्षं प्रगतिपुस्तकांत शेरे लिहिले, त्याची यात कुचंबणा होणार हे पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून येताना ही दुसरी वही घेऊन आलो. इथे फक्त शेरे.

वस्तुस्थिती अशी. शाळा एप्रिलमध्ये बंद पडली, आणि शाळेबरोबर भूगोलाचा मास्तरही. मी पाच महिने घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की ही म्हणाली, "एक तर नोकरी बघा, नाहीतर चपला बदला. फार वाजतात." शेवटी हिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, त्याच्या सफरचंदांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मला ठेवून घेतलं, आणि आम्ही दोघं हिच्या माहेरी वरच्या मजल्यावर राहायला आलो. खाली हिचे वडील असतात. त्यांना सगळेच अण्णा म्हणतात. वय एकाहत्तर. स्टोरेज त्यांनीच उभं केलं. कुठली पेटी आधी बाहेर काढायची आणि कुठली अजून थांबेल, हे ते चाळीस वर्षं फळ चावून सांगत आले. आता मेहुण्याने नव्या हवाबंद खोल्या बांधल्या आहेत. चावण्याच्या जागी मीटर आला आणि मीटरपाशी मी.

अण्णांनी आज मला वही घेऊन उभं पाहिलं आणि विचारलं, "काय मास्तर, फळांची हजेरी घेताय का?"

सगळे हसले. मीही हसलो. सव्वीस वर्षं जावई असलेल्या माणसाला तेवढं जमतं.

९ ऑक्टोबर

आज चार नंबरची खोली बंद केली. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात चांगल्या मालाची.

फिटरने मला तिच्यापुढे उभं करून धडा दिला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच बाकावरच्या बाजूला होतो. म्हणाला, "सर, फळ तोडलं तरी श्वास घेत असतं. भरपूर हवा मिळाली की पिकून मोकळं होतं. आपण त्याला जेमतेम जगण्यापुरती ठेवायची." म्हणजे बाहेर ऑक्सिजन एकवीस टक्के, आत दोन. याला इथे खोलीचं वातावरण म्हणतात. "चारचं वातावरण बसलं का?" असं विचारतात, घरात एखाद्याच्या पोटाची चौकशी करावी तसं.

मी वर्गात सांगायचो की वातावरण सगळ्यांचं असतं, त्याला भिंत घालता येत नाही. इथे प्रत्येक खोलीचं वेगळं आहे आणि ते खिट्ट्या लावून ठेवतात.

मोठ्या दारात खालच्या बाजूला एक झडप आहे, वाकून आत जाता येईल एवढी. तिच्यावर लाल अक्षरांत तीन वाक्यं आहेत. आत माणसाला पुरेल एवढी हवा नाही. आत जाऊ नका. आत कुणी पडला तर त्याला काढायलाही आत जाऊ नका. तिसरं वाक्य मी दोनदा वाचलं. फिटर म्हणाला, "दोन श्वास. फार तर तीन. गुदमरल्यासारखं वाटतही नाही, सर. माणूस बोलता बोलता खाली येतो."

दर गुरुवारी नमुन्याचं फळ काढतात. त्यासाठी झडपेच्या आत जाळीच्या पिशव्या दोरीला बांधून ठेवल्या आहेत. झडप किलकिली करायची, आकड्याने पिशवी ओढायची, झडप लावायची. हे काम अण्णांचं. मेहुण्याने मुद्दाम त्यांच्यासाठी राखलंय, त्यांचा मान म्हणून.

१७ ऑक्टोबर

घरी शांतता. पण कुठली शांतता हे सांगणं अवघड आहे.

जेवताना अण्णा आणि मी समोरासमोर बसतो. मधे भाजीचं पातेलं. ही दोन्हीकडे वाढते आणि दोन्हीकडच्या वतीने बोलते. "अण्णा, यांना आज खोकला होता हं." "अहो, अण्णांना विचारा ना, चारमधला माल कसा आहे." मग मी विचारतो, कसा आहे. अण्णा म्हणतात, "तुमच्या वहीत असेल की."

लग्नाच्या वेळी त्यांचं म्हणणं होतं की मास्तर माणूस वाईट नसतो, पण त्याच्या हाताला काही कळत नाही. ते मत त्यांनी बदललेलं नाही. वाढवलेलंही नाही, हे कबूल केलं पाहिजे.

वर आल्यावर ही म्हणाली, "मला फक्त घरातलं वातावरण चांगलं हवं. बाकी काही मागत नाही मी." मी विचार केला, हा शब्द लोक किती सोयीने वापरतात. आमचे हेडमास्तर शाळेच्या वातावरणाची काळजी करायचे, म्हणजे कुणी तक्रार करू नये. डॉक्टर वातावरण बदला म्हणतात, म्हणजे त्यांना आजार कळलेला नसतो. भांडण झालं की वातावरण बिघडलं म्हणायचं. कुणी बिघडवलं हे सांगावं लागत नाही. आपलं आपण बिघडलं, दूध नासावं तसं.

हे हिला वाचून दाखवलं नाही. वातावरण बिघडलं असतं.

१ नोव्हेंबर, गुरुवार

चार नंबरमध्ये दुपारी ऑक्सिजन दोन पूर्णांक चार. सकाळी दोन होता. झडप किलकिली केल्यावर थोडा वाढतो, पण इतका नाही. कुठेतरी गळती असणार. फिटरला बोलावलं. त्याने रबराची पट्टी बोटाने चाचपली, साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा नाही. "पट्टी ठणठणीत आहे, सर," म्हणाला आणि हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

८ नोव्हेंबर, गुरुवार

परत दोन पूर्णांक चार. तीच वेळ, जेवणाच्या सुट्टीनंतरची. बाकीच्या वारी बिनचूक दोन. गुरुवारीच गळणारी पट्टी हा प्रकार नवा आहे. मीटर सदोष असावा अशी नोंद केली.

अण्णा संध्याकाळी खुशीत होते. टेबलावर सुरीने एक सफरचंद चिरत बसले होते. देठाजवळ निळ्या खडूची फुली होती. हिने त्यांचा कोट खुंटीला लावला आणि म्हणाली, "अगंबाई, गुडघे केवढे मळलेत." अण्णा म्हणाले, "वय झालं, कुठे ना कुठे टेकतो माणूस."

निळी फुली मागच्या रांगेतल्या पेट्यांना असते. तिथलं फळ यांच्याकडे कसं, असं एकदा मनात आलं. कदाचित भरतानाच काढून ठेवलं असेल.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

मीटर सदोष नाही. मी आहे.

सुट्टीत सगळे शेडमध्ये जेवायला गेले तेव्हा वही विसरली म्हणून परत आलो. चार नंबरची झडप सताड उघडी. शेजारी अण्णांचा कोट घडी करून ठेवलेला, वर चष्मा. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण आत त्यांनी उत्तर दिलं तर ते शेवटचं ठरलं असतं. मग झडपेतून आधी हात आला, हातात फळ, मागून अण्णा, गुडघ्यांवर. बाहेर आल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि घेतला. मला पाहिलं. झडप लावली, चारही खिट्ट्या घट्ट केल्या आणि मगच बोलले.

"मास्तर, वहीत लिहिणार का?"

मी म्हणालो, "अण्णा, आत दोन टक्के आहे."

"मला काय करायचंय टक्क्यांशी. आत मी श्वासच घेत नाही."

मग त्यांनी मला समजावलं, जसं मी चौथीच्या मुलांना समजवायचो. झडपेजवळच्या पिशवीतलं फळ म्हणजे दुकानाच्या काचेतलं फळ. ते कधी खरं बोलत नाही. खरं-खोटं मागच्या रांगेत कळतं, तिथे गारवा नीट पोचत नाही. बारा पावलं जायचं, एक फळ उचलायचं, बारा पावलं यायचं. "तुमचा मीटर नळीतून वास घेतो. मी फळाला विचारतो."

मी त्यांच्या हातात कोट आणि चष्मा दिला.

१६ नोव्हेंबर

मेहुण्याला सांगायला हवं. सरळ गोष्ट आहे.

सांगितलं तर काय होईल तेही सरळ आहे. तो त्यांना घरी बसवील. आदराने बसवील, खुर्ची देऊन. त्यांच्या वयाच्या दोघांना खुर्चीत बसलेलं मी पाहिलंय. एका वर्षात त्यांना कुणी काही विचारेनासं होतं.

मेहुण्याच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्याने विचारलं, "काय भावोजी, काही हवंय का?" मी स्टेपलर मागितला.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

मी नियम शोधला, म्हणजे अण्णांनी शोधला आणि मी मान्य केला. झडप उघडताना दोन माणसं हवीत असा नियम आहे. "तू उभा राहा," अण्णा म्हणाले, "म्हणजे नियम मोडला असं कुणी म्हणणार नाही."

तू. सव्वीस वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा तू म्हटलं.

मी घड्याळ लावून उभा राहिलो. वाकून आत जाण्यापासून बाहेर येईपर्यंत एकतीस सेकंद. आल्यावर त्यांनी फळ मधोमध कापलं, अर्धं मला दिलं. "आधी चावू नकोस. आवाज ऐक." मी ऐकलं. कडक, कोरडा आवाज. "हां. असा आला की अजून तीन महिने." मी आयुष्यात पहिल्यांदा फळ कानाने खाल्लं.

चूक की बरोबर, ते लिहीत नाही. मजा आली एवढं खरं.

६ डिसेंबर, गुरुवार

तेहतीस सेकंद.

आज अण्णांच्या जिभेने खोली वाचवली. मागच्या फळाचा गाभा किंचित तपकिरी निघाला. मीटरवर सगळं आलबेल. "कोंडलंय," ते म्हणाले. "त्यांचाच श्वास त्यांच्या अंगावर येतोय." मी कार्बन डायऑक्साइड थोडा उतरवला आणि पंखे जास्त वेळ ठेवले. मेहुण्याला सांगितलं की आकड्यांवरून शंका आली. तो म्हणाला, "भावोजी, मानलं तुम्हाला! अण्णा, बघा, मशीन काय करतं ते."

अण्णा माझ्याकडे बघून मिशीत हसले. शाळेत कॉपी करणारी दोन पोरं अशी हसतात. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

९ डिसेंबर

ही आज काम करताना गुणगुणत होती. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "काही नाही. तुम्ही दोघं जेवताना बोलत होतात. मला मधे पडावं लागलं नाही. पातेल्यातली भाजी संपल्याचंसुद्धा तुम्हाला कळलं नाही." मग जरा थांबून, "आई गेल्यापासून या घरात असं वातावरण नव्हतं हो."

मी तिला भाजीचं पातेलं घासून दिलं.

२० डिसेंबर, गुरुवार

छत्तीस सेकंद. फळ उत्तम.

अण्णांना आकडा सांगितला आणि गमतीने म्हणालो, "अण्णा, दम वाढतोय तुमचा. महिन्यात पाच सेकंदांची प्रगती." त्यांना ते फार आवडलं. दोन वेळा परत म्हणायला लावलं. घरी जाताना म्हणाले, "चाळीस वर्षं थंडीत काढली की छाती तयार होते. तुला नाही कळायचं." वाटेत ते एका दुकानापाशी थांबले, काचेतले दिवाण बघत. त्यांना दिवाण घ्यायचा असेल असं वाटलं नव्हतं.

३ जानेवारी, गुरुवार

एक्केचाळीस. शेरा: समाधानकारक.

सध्या ते वाटेत बरीच दुकानं बघतात. मीही उभा राहतो. घाई कुणाला आहे.

१० जानेवारी, गुरुवार

त्रेचाळीस. फळ काढताना कुठलं घ्यावं याचा विचार करत असावेत.

१७ जानेवारी, गुरुवार

सत्तेचाळीस, आणि मला तो आकडा लिहावासा वाटत नाही.

तिसाला मी झडपेशी वाकलो. पस्तिसाला त्यांचे पाय दिसायला हवे होते. चाळिसाला दिसले, पण हळू, जमीन शोधत असल्यासारखे. पंचेचाळिसाला हात बाहेर आला. मी तो धरून ओढलं. हात धरताना माझं डोकं आत गेलं होतं हे नंतर लक्षात आलं. श्वास घेतला होता का, आठवत नाही. घेतला नसावा, कारण हे लिहितोय.

ते पेटीवर बसले. ओठ जांभळे. फळ हातातच होतं, सोडलं नव्हतं. श्वास परत आल्यावर म्हणाले, "आत पोरीला सांगू नकोस." आत म्हणजे घरात. मग म्हणाले, "पाय घसरला."

आत घसरण्यासारखं काही नाही. खडबडीत लादी आहे.

२० जानेवारी

हिला सांगायला बसलो. सुरुवात केली, "अण्णांचं वय झालंय."

ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "आता तुम्ही काही काढू नका. इतक्या वर्षांनी घर घरासारखं लागतंय. अण्णा सकाळी उठून तुमची वाट बघतात, माहितीये? 'मास्तर उठला का' विचारतात." मग वर बघून, "काही झालंय का?"

मी म्हणालो, "नाही. वय झालंय एवढंच."

"ते तर तुमचंही झालंय," ती म्हणाली आणि हसली. तिचं हसणं बघून मी मूग गिळून बसलो. भेकडपणा आहे, मला कळतं.

२१ जानेवारी

दोन नंबर मागच्या आठवड्यात रिकामी झाली. दारं उघडी, साधी हवा, लादी धुतलेली. मी घड्याळ लावलं, झडपेतून वाकून गेलो, बारा पावलं चाललो, भिंतीला हात लावला, परत आलो. माझ्या चालीने. मला कुणी कधी चपळ म्हटलेलं नाही.

सव्वीस सेकंद.

परत केलं. सव्वीस.

पावलं तेवढीच. वाट तेवढीच. मग एकतीसचे सत्तेचाळीस कसे झाले? दम वाढून माणूस जास्त वेळ आत राहत नाही. आत राहण्यासारखं काय आहे तिथे. पाय उशीर करताहेत, आणि दम कसाबसा त्यांच्यापुरता पुरतोय. मी वही काढली आणि सगळे गुरुवार एकाखाली एक लिहिले. एखाद्या मुलाचे गुण दर चाचणीत घसरत गेले तर मी पालकांना बोलावलं असतं. इथे ते घसरत होते आणि मी प्रगती लिहीत होतो. समाधानकारक! दुकानांच्या काचा, दिवाण, सगळं माझ्या डोळ्यांसमोर. तो माणूस उभा राहून श्वास गोळा करत होता आणि मी किमतीच्या चिठ्ठ्या वाचत होतो.

आणि मीच त्यांना सांगितलं की दम वाढतोय.

२२ जानेवारी

अण्णांशी बोललो. चालत जाताना, त्यांच्या बाजूला न बघता. सेकंद सांगितले, सव्वीसही सांगितलं.

ते म्हणाले, "प्रगती आहे म्हणाला होतास ना?"

"चुकलं माझं."

"आता चुकलं?" थोडं चालले. "अरे, मागच्या रांगेतलं फळ कोण बघणार मग? तू?"

"कुणीच नाही. नाही बघितलं तरी चालेल, अण्णा."

हे बोलायला नको होतं. ते पुढे चालत गेले, माझ्यापेक्षा जोरात. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबायला हवं होतं, पण मी बघतोय म्हणून थांबले नाहीत. फाटकापर्यंत तसेच गेले. मी मुद्दाम मागे राहून चपलेचा अंगठा नीट करत बसलो, म्हणजे त्यांना फाटकाला टेकता येईल.

गुरुवार परवा.

२३ जानेवारी, बुधवार

मेहुण्याला मी पुरता ओळखतो. लहानपणी याच्या हातून एकदा दूध सांडलं तर याने मांजरीलाच खोलीत कोंडलं होतं, असं ही सांगते. काही बिघडलं की तो आधी कुलूप शोधतो, मग कारण. कारण बऱ्याचदा शोधतच नाही.

संध्याकाळची नोंद केली. चार नंबर: दोन पूर्णांक शून्य. सही. मग झडपेच्या चारही खिट्ट्या सैल केल्या, झडप वीतभर उघडी ठेवली आणि आतले पंखे चालू केले.

या खोलीवर मेहुण्याची उन्हाळ्यापर्यंतची भिस्त आहे. तिच्यातलं फळ अजून तीन महिने झोपलं असतं. हेही लिहून ठेवतो.

२४ जानेवारी, गुरुवार

सकाळी चार नंबरमध्ये ऑक्सिजन सोळा. भोंगा वाजत होता. फिटर धावला, मेहुणा धावला. अण्णा कोट घालून उभे होते. गुरुवार म्हणून दाढी केलेली.

मेहुणा ओरडला, "कुणी केलं हे?"

फिटरने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मी म्हणालो, "माझ्याकडून राहिली. काल मीटरची नळी बघायला झडप उघडली होती. खिट्ट्या लावायला विसरलो."

"विसरलात? भावोजी, विसरलात?" त्याचा आवाज चिरकला. "अहो, त्या झडपेवर काय लिहिलंय? कुणी आत गेलं असतं म्हणजे?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. चाळीस वर्षं खिट्ट्या लावलेल्या माणसाला, विसरलेली खिट्टी आणि सोडलेली खिट्टी यांतला फरक एका नजरेत कळतो. पंखे आपोआप सुरू होत नाहीत हेही त्यांना माहीत आहे. मला वाटलं होतं ते बोलतील. "त्याला नका बोलू" एवढं तरी.

बोलले नाहीत.

दुपारपर्यंत सगळ्या झडपांना कुलपं लागली. चाव्या मेहुण्याच्या खिशात. यापुढे नमुना त्याच्यासमोर, दोरीच्या पिशवीतूनच. चारचा माल आधी काढायचा, कारण एकदा जागं झालेलं फळ पहिल्यासारखं झोपत नाही.

२५ जानेवारी

मीटरची वही फिटरकडे गेली. मेहुणा नीट बोलला, म्हणजे त्याला फार राग आलाय. "तुमची चूक नाही, माझी आहे. ज्याचं काम त्याने करावं." जेवताना पातेलं पुन्हा मधे. अण्णा जेवून उठले ते थेट खोलीत.

वर आल्यावर ही म्हणाली, "अण्णा काय म्हणाले माहितीये? 'जावयाच्या हाताला काही कळत नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.' मला रडू आलं. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

मी म्हणालो, "वाटतं ना."

"मग बोलत का नाही?"

तिचं बरोबर आहे. मला तिला सगळं सांगायचं होतं. पण तिला सांगितलं की ती त्यांच्याकडे जाणार, त्यांचा हात धरणार, रडणार, आणि ते उद्यापासून म्हातारे होणार. तिच्या मनात मी ढिला राहिलो तर चालेल. तशी सवय आहे तिला.

तरी वाईट वाटलं. फार वाटलं. ते नाकारून काय करू.

३० जानेवारी

चारचा माल निवडायला काढला. मोठ्या शेडमध्ये लांब टेबलं लावलीत, दोन्हीकडची दारं उघडी, वारा आरपार. टेबलाच्या शेवटी अण्णांची खुर्ची. प्रत्येक पेटीतलं एक फळ ते चावतात आणि हाताने दाखवतात, या बाजूला, त्या बाजूला. फळ इतकं आहे की मेहुण्याला मीटर बघायला वेळ नाही. तो तीनदा येऊन विचारून गेला, "अण्णा, ही पेटी?"

मला काही काम नव्हतं. पुठ्ठ्याची खोकी जोडत होतो, तीही उलटी जोडली जात होती.

३१ जानेवारी, गुरुवार

सकाळी अण्णांनी सगळ्यांसमोर मेहुण्याला हाक मारली. "या मास्तरला माझ्या टेबलावर आणून बसव. इकडे माझ्या नजरेसमोर. मोकळा सोडलास तर आणखी काहीतरी बिघडवून ठेवील."

शेडमध्ये हशा झाला. मेहुण्याने मला खूण केली, जा बाबा, ऐकून घे. ही शिक्षा आहे हे सगळ्यांना कळलं, मलाही कळलं. स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. खुर्ची त्यांनी स्वतःच जरा सरकवली, मला जागा व्हावी म्हणून नसेल, टेबलाचा पाय अडत होता.

त्यांनी एक फळ कापलं, अर्धं माझ्यापुढे आपटलं आणि सुरू झाले. "अरे, खिट्टी लावायची म्हणजे काय शास्त्र आहे का? पोरगं लावतं. एवढी सोन्यासारखी खोली, माझ्या हयातीत असा माल लागला नव्हता, आणि तू ती उघडी टाकून घरी येऊन जेवतोस? वर दोनदा भाजी घेतोस? मी बघितलं ना, दोनदा घेतलीस. तुला पोरं कशी दिली रे लोकांनी शिकवायला? काय शिकवलंस त्यांना, खिडक्या उघड्या ठेवायला?"

अर्धा तास बोलत होते. शेडमधल्या बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. मधे चार वेळा थांबले, टेबलावर पंजा टेकून, चांगला लांब श्वास घेतला आणि पुन्हा जिथे सोडलं होतं तिथून धरलं. एकदा खोकला आला तेव्हा मी पाणी पुढे केलं. प्यायले आणि म्हणाले, "हे तरी नीट भरलंस."

मी मान खाली घालून फळं पुसत होतो, आणि ते थांबले की मीही थांबत होतो, ते पुन्हा बोलायला लागेपर्यंत.